होलोग्रामचं एक्स्पोजर: नेमके किती सेकंद, हे शोधायचं कसं?

घरी होलोग्राम करायला घेतलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: प्लेटवर लेझर किती सेकंद पडू द्यायचा? उत्तरही बहुतेक वेळा एका आकड्यात मिळतं. कोणी वीस सेकंद सांगतो, कोणी दोन मिनिटं. दोघंही खरं बोलत असतात आणि दोघांच्याही आकड्याचा तुम्हाला उपयोग नसतो. लेझर किती ताकदीचा, तो किती पसरवलाय, प्लेट कोणती, ती किरणाला किती कलती ठेवलीय, यातलं एक बदललं की सेकंद बदलतात. त्यामुळे दुसऱ्याचे सेकंद उसने घेण्यापेक्षा आपले आपण शोधून काढलेले बरे. ते एका संध्याकाळीही जमतं.

इथे गृहीत धरलेली मांडणी सगळ्यात साधी आहे. युरी डेनिस्युक यांनी १९६२ मध्ये मांडलेली एकाच किरणाची परावर्तन पद्धत: पसरलेला लेझर आधी प्लेटवर पडतो, प्लेटमधून आरपार जाऊन मागच्या वस्तूवर पडतो, आणि वस्तूवरून उलटलेला प्रकाश मागच्या बाजूने प्लेटवर येतो. समोरून आलेला संदर्भकिरण आणि मागून आलेला वस्तूचा प्रकाश यांच्या मिश्रणातून इमल्शनच्या, म्हणजे प्लेटवरच्या प्रकाशसंवेदी लेपाच्या, जाडीत प्रकाश-अंधाराचे थर उमटतात. लेझर म्हणजे भिंग काढलेला ५ मिलिवॉटच्या आसपासचा लाल डायोड, आणि प्लेट सिल्व्हर हॅलाइडची. फोटोपॉलिमर फिल्म वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलंय, पण मोजमापाचा भाग त्यांनीही वाचावा.

एक सूचना आधीच. न पसरलेल्या किरणात डोळा कधीही घालू नका, आरशावरून उलटलेल्या किरणातही नाही. होलोग्राफीतले काही डेव्हलपर आणि ब्लीच (एक्स्पोजरनंतर प्लेट ज्यांत बुडवायची ती रसायनं) विषारी असतात. हातमोजे घाला आणि स्वयंपाकाची भांडी या कामाला लावू नका.

आधी टेबलाला विचारा, मग प्लेटला

बहुतेक मार्गदर्शक प्लेटच्या संवेदनशीलतेपासून सुरू होतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. पहिला प्रश्न असा: तुमचं टेबल किती वेळ खरोखर स्थिर राहतं? जास्तीत जास्त एक्स्पोजर किती असू शकतं ते यावरून ठरतं, आणि प्लेटचं गणित त्या मर्यादेत बसवायचं असतं.

कारण सरळ आहे. परावर्तन होलोग्राममधले थर एकमेकांपासून साधारण ०.२ मायक्रोमीटरवर असतात, म्हणजे एका मिलिमीटरात सुमारे ५,०००. एक्स्पोजर चालू असताना वस्तू प्लेटच्या दिशेने लेझरच्या अर्ध्या तरंगलांबीइतकी, म्हणजे सुमारे ०.३ मायक्रोमीटर संथपणे सरकली, तर थर पुसले जातात. प्लेट व्यवस्थित काळी होते, पण चित्र येत नाही. मग आपण वेळ वाढवतो, हलायला आणखी अवधी मिळतो, आणि चित्र आणखीच बिघडतं. या चक्रात कित्येक प्लेटा वाया जातात.

स्थिरता तपासायला टेबलावर मायकेल्सन इंटरफेरोमीटर, म्हणजे अतिसूक्ष्म हालचाल पट्ट्यांतून दाखवणारी मांडणी, उभी करा. तिला अर्धपारदर्शक काच आणि दोन छोटे आरसे लागतात. भिंग लावलेल्या लेझरचा बारीक किरण ४५ अंशांत ठेवलेल्या काचेवर सोडा, दुभंगलेले दोन्ही किरण आरशांवरून परत त्याच काचेवर आणा आणि पुढे एका लहान भिंगाने भिंतीवर पसरवा. काचेपासून दोन्ही आरशांचं अंतर शक्य तितकं सारखं ठेवा. भिंतीवरचे दोन ठिपके एकमेकांवर नेमके बसले की काळे-लाल पट्टे दिसतात. एका पट्ट्यावर पेन्सिलीने खूण करा, हात टेबलावरून काढा आणि घड्याळ लावा.

पट्टा आपल्या रुंदीच्या पाव भाग सरकेपर्यंत जेवढा वेळ जातो, ती तुमच्या टेबलाची मुदत. रुंदी म्हणजे एका काळ्या रेषेच्या मध्यापासून पुढच्या काळ्या रेषेच्या मध्यापर्यंतचं अंतर. पट्टे एकाच दिशेने संथ सरकत असतील, तर पाव पट्ट्याच्या सरकण्यात होलोग्रामची साधारण ८० टक्के चमक शिल्लक राहते. अर्ध्या पट्ट्यात ती ४० टक्क्यांवर येते आणि पूर्ण पट्टा सरकला की काहीच उरत नाही. पट्टे संथ न सरकता थरथरत असतील तर वेळ कमी करून उपयोग नाही. आधी टेबलाखाली धक्के शोषायला ठेवलेल्या हवा भरलेल्या ट्यूब, पंखा, फ्रिज, बाहेरची वाहतूक यांच्याकडे बघा.

पट्टे सुरुवातीला भराभर पळतात आणि हळूहळू शांत होतात, हेही तुम्हाला दिसेल. तो वेळ वेगळा नोंदवा. प्लेट ठेवल्यावर एक्स्पोजरआधी किती थांबायचं ते त्यावरून कळतं. जाड काचेची प्लेट नीट टेकवलेली असेल तर पाच-दहा मिनिटं पुरतात. फिल्म दोन काचांत दाबलेली असेल तर ती बराच वेळ सरकत राहते.

समजा, तुमच्या टेबलाची मुदत ६० सेकंद निघाली. आता एक्स्पोजर ६० सेकंदांच्या आत आणायचं. जमल्यास त्याच्या निम्म्यात.

ऊर्जेचा हिशेब

प्लेटला सेकंद कळत नाहीत, तिला कळते ती दर चौरस सेंटिमीटरवर पडलेली ऊर्जा. ही ऊर्जा म्हणजे प्रकाशाची तीव्रता गुणिले वेळ. तीव्रता मायक्रोवॉट प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये आणि ऊर्जा मायक्रोज्यूल प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये घेतली की वेळ थेट सेकंदांत निघतो.

घरगुती होलोग्राफीत वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या स्लाविच कंपनीच्या प्लेटा उदाहरणाला घेऊ. लाल प्रकाशासाठीची पीएफजी-०१ सुमारे १०० मायक्रोज्यूलवर काम करते. तिच्याहून कितीतरी बारीक दाण्याची पीएफजी-०३एम मागते १,५०० ते २,०००. हिरव्या लेझरसाठीची व्हीआरपी-एम ८० च्या आसपास. दाणा जितका बारीक तितका धूसरपणा कमी आणि प्रकाशाची भूक जास्त. म्हणून एकाचे तीन सेकंद आणि दुसऱ्याचं एक मिनिट, दोन्ही बरोबर असू शकतात. तुमची प्लेट वेगळी असेल तर तिच्या माहितीपत्रकातला आकडा घ्या, मात्र तो तुमच्या लेझरच्या रंगासाठी दिलाय का ते बघा. ६३३ नॅनोमीटरसाठी दिलेला आकडा ६६० च्या डायोडला लागू होईलच असं नाही. हिरव्या प्रकाशासाठी बनवलेली प्लेट लाल लेझरला दादच देत नाही, तिथे एक्स्पोजर दहापट करूनही प्लेट कोरीच राहते.

आता तीव्रता. ढोबळ अंदाज कागद-पेन्सिलीवर निघतो. भिंग काढलेल्या डायोडचा प्रकाश लंबगोल पसरतो. प्लेटच्या जागी पांढरा कागद धरा आणि लंबगोलाची लांबी-रुंदी मोजा. समजा ती २० आणि १० सेंटिमीटर आहे. क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले ०.७८५, इथे १५७ चौरस सेंटिमीटर. ५ मिलिवॉट म्हणजे ५,००० मायक्रोवॉट. भागाकार केला की सरासरी तीव्रता ३२ मायक्रोवॉट प्रति चौरस सेंटिमीटर येते. पीएफजी-०३एमचे १,५०० मायक्रोज्यूल भागिले ३२ म्हणजे ४७ सेकंद. पीएफजी-०१ साठी तीनच सेकंद.

हा आकडा सुरुवातीपुरताच. डायोडवर छापलेले ५ मिलिवॉट प्रत्यक्षात ३ असू शकतात, नाहीतर ७. लंबगोलाची कड कुठे संपते तेही डोळ्याला नीट ठरवता येत नाही. त्यात मधला भाग सरासरीहून बराच उजळ असतो, दुपटीपर्यंतसुद्धा. म्हणून मोजलेलं चांगलं.

अंदाजाऐवजी एक फोटोडायोड

लेझर पॉवर मीटर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर बीपीडब्ल्यू३४ हा सहज मिळणारा सिलिकॉन फोटोडायोड, १० किलोओहमचा एक रोधक आणि डिजिटल मल्टिमीटर एवढ्यावर भागतं. रोधक फोटोडायोडच्या दोन पायांना समांतर जोडा आणि मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टच्या टप्प्यावर ठेवून त्याच पायांना लावा. बॅटरी लागत नाही.

या फोटोडायोडचं प्रकाश घेणारं क्षेत्र सुमारे ७.५ चौरस मिलिमीटर आहे आणि लाल प्रकाशात तो एका वॉटला साधारण ०.४ अँपिअर देतो. १० किलोओहमच्या रोधकावर याचा अर्थ असा होतो: मल्टिमीटरवरचा १ मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे ३.३ मायक्रोवॉट प्रति चौरस सेंटिमीटर. वरच्या उदाहरणात मीटरवर ९.६ च्या आसपास आकडा दिसायला हवा. हिरव्या प्रकाशाला हा डायोड कमी प्रतिसाद देतो, म्हणून हिरव्या लेझरसाठी हा गुणक तसाच वापरू नका. वाचन १०० मिलिव्होल्टच्या खाली ठेवा, त्यावर गेलं की प्रकाश आणि व्होल्ट यांचं प्रमाण सुटत जातं.

वाचन घेताना तीन पथ्यं पाळा. खोलीतला अंधार एक्स्पोजरच्या वेळी असेल तसाच ठेवा आणि लेझर झाकून आलेलं वाचन वजा करा. डायोडचं तोंड लेझरकडे न वळवता प्लेटच्या पृष्ठभागाला समांतर ठेवा. प्लेट ४५ अंश कललेली असेल तर तिच्यावर सरळ वाचनाच्या ०.७ पटच प्रकाश पडतो आणि सेंसर कलता ठेवला की हा हिशेब आपोआप होतो. आणि वाचन एकाच जागी न घेता मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत घ्या. कोपऱ्यातलं वाचन मध्याच्या निम्म्याहून कमी असेल तर सगळ्या प्लेटला बरोबर पडेल अशी वेळच अस्तित्वात नाही. लेझर मागे न्या किंवा प्लेट लहान घ्या.

लक्समीटर घेऊन बसणाऱ्यांसाठी: लक्स हे माणसाच्या डोळ्याच्या संवेदनशीलतेवर बेतलेलं माप आहे. तेच १ मायक्रोवॉट प्रति चौरस सेंटिमीटर ६३३ नॅनोमीटरला सुमारे १.६ लक्स दाखवेल आणि ६५० ला त्याच्या निम्म्याहून कमी, ०.७ च्या आसपास. स्वस्त मीटरचं फिल्टर लाल टोकाला भरवशाचं नसतं. मोबाइलमधल्या सेंसरचंही तसंच. आज आणि उद्याची तुलना करायला दोन्ही ठीक, त्यावरून ऊर्जा काढायला नकोत.

मोजण्याआधी लेझर किमान दहा मिनिटं चालू असू द्या. डायोड तापत असताना त्याची ताकद आणि तरंगलांबी दोन्ही सरकतात. याच कारणाने लेझरचं बटण शटर म्हणून वापरायचं नाही. शटर म्हणजे किरणात उभा केलेला काळा पुठ्ठा.

चाचणी पट्टी: फोटोग्राफीची सवय इथे नडते

डार्करूममध्ये फोटो छापलेल्यांना चाचणी पट्टी माहीत असते. कागदावर पुठ्ठा धरायचा, पाच-पाच सेकंदांनी सरकवत न्यायचा, म्हणजे एका कडेला पाच सेकंद आणि दुसऱ्या कडेला पंचवीस. होलोग्राममध्ये असं केलं तर निकाल फसवा येतो. पंचवीस सेकंदांचा भाग पाच तुकड्यांत प्रकाश घेतो आणि दोन तुकड्यांच्या मध्ये पुठ्ठा हलवल्याने हवा, टेबल, वस्तू यातलं काहीतरी सूक्ष्म हलतंच. पहिल्या तुकड्यातले थर आणि तिसऱ्या तुकड्यातले थर एकमेकांवर बसत नाहीत. जास्त वेळ मिळालेली पट्टी फिकी येते आणि आपण म्हणतो, एक्स्पोजर जास्त झालं. झालेलं असतं वेगळंच.

म्हणून प्रत्येक पट्टीला तिचा पूर्ण वेळ एकाच सलग दमात मिळाला पाहिजे. त्यासाठी खिडकी असलेला मुखवटा करा. काळ्या पुठ्ठ्याला एक उभी फट पाडा. ६३ मिलिमीटरच्या चौरस प्लेटवर पाच पट्ट्या घ्यायच्या असतील तर फट ९-१० मिलिमीटर रुंद, म्हणजे दोन पट्ट्यांत थोडी मोकळी जागा राहते. मुखवटा प्लेटच्या अगदी पुढ्यात उभा करा, पण त्याचा आधार टेबलावर नको. टेबलाच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र उभे केलेले स्टँड आणि त्यांवर आडवी पट्टी असली की मुखवटा सरकवताना टेबलाला धक्का लागत नाही. पट्टीवर पाच खुणा आधीच करून ठेवा, अंधारात बोटाला लागतील अशा.

वस्तू अशी निवडा की पाचही पट्ट्यांच्या मागे सारखंच काहीतरी असेल. एका जाड धातूच्या पट्टीवर ओळीने चिकटवलेली पाच सारखी, चकचकीत नसलेली नाणी उत्तम. नाणं हलकं असलं तरी पक्कं चिकटलेलं असलं की पुरे. कापड, कागद, प्लास्टिक, पान-फूल चाचणीला नको.

आता वेळा. मोजलेल्या आकड्यावरून आलेला अंदाज मध्यभागी ठेवा आणि दोन्हीकडे दुपटीने जा. आपल्या उदाहरणात: १२, २४, ४८, ९६, १९२ सेकंद. पाच-पाच सेकंदांनी वाढवत नेण्यात अर्थ नाही, कारण इमल्शन पटीत उत्तर देतं. ४८ आणि ५३ सेकंदांतला फरक तुम्हाला दिसणारही नाही.

प्लेटवर वेळा चढत्या क्रमाने मांडा, पण पट्ट्या त्या क्रमाने घेऊ नका. चढत्या मांडणीचं कारण असं की एका पट्टीतून गेलेला प्रकाश वस्तूवरून उलटून शेजारच्या पट्टीवरही थोडा सांडतो. १९२ च्या शेजारी १२ असली तर त्या सांडलेल्या प्रकाशानेच तिचा निकाल बिघडेल. घेण्याचा क्रम मात्र मिसळलेला हवा, उदाहरणार्थ ४८, १२, १९२, २४, ९६. टेबल जसजसा वेळ जाईल तसतसं शांत होत जातं, म्हणून शेवटी घेतलेल्या पट्टीला आपसूक फायदा मिळतो. क्रम मिसळला की हा फायदा नेमका मोठ्या वेळांच्या पदरात पडत नाही.

एका पट्टीची कृती अशी. शटर बंद. मुखवटा खुणेवर आणा. हात काढा आणि मघाशी नोंदवलेल्या शांत होण्याच्या वेळेइतकं थांबा, निदान दोन मिनिटं. मग शटरचा पुठ्ठा टेबलावरून बोटभर उचला, पण किरण अजून अडलेलाच असू द्या. असंच वीस सेकंद धरून ठेवा. हात थरथरला तरी चालेल, पुठ्ठा टेबलाला टेकलेला नसला म्हणजे झालं. आता पुठ्ठा पूर्ण वर घ्या, वेळ मोजा, परत खाली आणा आणि किरण अडल्यावरच टेकवा. मोजताना बोलू नका, श्वास किरणाच्या वाटेत सोडू नका. फोन टेबलावर नको, आणि त्याचा पडदा तर खोलीतच नको.

पाचही पट्ट्या झाल्या की प्लेटचा एक कोपरा असा राहिला पाहिजे ज्यावर लेझर पडलेलाच नाही. तो तुमचा साक्षीदार. डेव्हलप केल्यावर तोही काळवंडला तर तुमचा सेफलाइट (अंधाऱ्या खोलीतला मंद दिवा) किंवा दाराची फट गुन्हेगार आहे. आधी ते मिटवा, मग सेकंदांचा विचार करा.

डेव्हलपर: इथे हात आखडता ठेवा

चाचणीच्या प्लेटवर डेव्हलपिंगचा वेळ आणि तापमान पक्कं ठरवा आणि बदलू नका. पट्टी फिकी दिसतेय म्हणून डेव्हलपरमध्ये आणखी ठेवायचा मोह होतो. तो आवरा, कारण तसं केलं तर कमी एक्स्पोजर डेव्हलपरने झाकलं जातं आणि काय मोजलं तेच कळत नाही. किटबरोबर दिलेला वेळ आणि २० अंश सेल्सिअस हे ठीक. प्लेट फ्रिजमधून काढली असेल तर ती खोलीच्या तापमानाला येऊ दिल्यावरच वापरा. एक्स्पोजरनंतर डेव्हलपिंगला उद्यावर टाकू नका, अतिबारीक दाण्याच्या इमल्शनमधली न दिसणारी प्रतिमा वेळेबरोबर क्षीण होते.

डेव्हलपर धुऊन काढल्यावर आणि ब्लीचमध्ये टाकण्याआधी पट्ट्यांचा काळेपणा नोंदवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर पस्तावतात, कारण ब्लीचनंतर हा पुरावा नाहीसा होतो. काळेपणा घनतेत मोजतात: घनता १ म्हणजे दहावा हिस्सा प्रकाश आरपार, २ म्हणजे शंभरावा, ३ म्हणजे हजारावा. फोटोडायोड लेझरच्या जवळ न्या म्हणजे वाचन साठच्या आसपास येईल, मग मध्ये पट्टी धरा. ६० चं ०.६ झालं तर घनता २. ब्लीच करायच्या परावर्तन होलोग्रामला साधारण २ ते २.५ ही घनता चांगली.

मग ब्लीच, धुणं आणि वाळवणं. ओल्या प्लेटवर काहीच दिसत नाही म्हणून ती फेकून देऊ नका. पाण्याने इमल्शन फुगतं, थरांमधलं अंतर वाढतं आणि चित्र दिसणाऱ्या प्रकाशाच्या पलीकडे, अवरक्तात जातं. प्लेट वाळत जाते तसं आधी गडद लाल आणि मग खऱ्या रंगात चित्र उगवतं. लाल लेझरने केलेला होलोग्राम वाळल्यावर पिवळसर किंवा हिरवट दिसला तर ते इमल्शन आकसल्यामुळे, एक्स्पोजर चुकल्यामुळे नव्हे.

निकाल वाचताना

वाळलेली प्लेट मागून काळ्या कागदावर ठेवा आणि एकाच ठिपक्यासारख्या दिव्याखाली बघा: एका एलईडीचा टॉर्च, हॅलोजन स्पॉट किंवा ऊन. ट्यूबलाइटखाली चांगला होलोग्रामही पुसट दिसतो. दिव्याचा कोन एक्स्पोजरच्या वेळी लेझरचा होता तोच ठेवा.

प्रत्येक पट्टीसाठी दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: ब्लीचआधीची घनता आणि आताची चमक. दोन्ही एकत्र वाचल्या की निदान होतं. घनता कमी आणि चमकही कमी, पट्टी काचेसारखी स्वच्छ: प्रकाश कमी पडला. घनता बरीच जास्त, चमक उतरलेली आणि पट्टीवर दुधट धुकं: प्रकाश जास्त झाला. घनता नेमकी पण चित्र नाही किंवा खूप फिकं: वस्तू हलली आणि सेकंदांचा यात दोष नाही.

आपल्या उदाहरणातल्या टेबलाची मुदत ६० सेकंद होती. तिथे ९६ आणि १९२ च्या पट्ट्या घनतेसाठी खऱ्या, पण चमकेसाठी संशयास्पद मानायच्या. सगळ्यात चमकदार पट्टी ४८ ची आली आणि तिची घनता १.५ च असली, तर याचा अर्थ ४८ सेकंद बरोबर असा नाही. इमल्शनला आणखी प्रकाश हवाय आणि टेबल तो देऊ देत नाहीये. उपाय म्हणजे लेझर जवळ आणणं. अंतर ५० सेंटिमीटरवरून ३५ वर आणलं की तीव्रता दुप्पट होते आणि तीच ऊर्जा निम्म्या वेळात मिळते. कडा अंधारल्या तर प्लेट लहान घ्या. घरगुती मांडणीत लहान आणि उजळ होलोग्राम मोठ्या आणि पुसट होलोग्रामपेक्षा केव्हाही सरस.

कमाल चमक टोकदार नसते, पठारासारखी असते. बहुतेक वेळा शेजारच्या दोन पट्ट्या जवळजवळ सारख्याच चांगल्या दिसतात. दुसरी फेरी घ्यायची असेल तर त्या दोघींच्या आसपास १.४ पटीने जा: २४, ३४, ४८, ६८. तिसऱ्या फेरीची गरज मला सहसा वाटत नाही. पठारावरची सगळ्यात छोटी वेळ निवडा, कारण टेबलाला तीच सोपी.

सेकंदांवर खोटा आळ

काही दोष दिसायला एक्स्पोजरचे वाटतात. प्लेटच्या आधाराचं किंवा खालच्या फळीचं चित्र लख्ख आहे आणि वस्तूच्या जागी मात्र वस्तूच्या आकाराचा काळा खड्डा: वस्तू एकटी हलली, तिला पक्की चिकटवा. वस्तूवर आडवे-तिडवे काळे पट्टे: एक तर ती किंचित वाकली किंवा झुकली, नाहीतर डायोडने मध्येच तरंगलांबी बदलली. लेझर जास्त वेळ तापू द्या आणि पुरवठ्याचा व्होल्टेज स्थिर ठेवा. प्लेटजवळचा भाग दिसतो पण वस्तूचा मागचा भाग गायब: लेझरची सुसंगती लांबी, म्हणजे जेवढ्या अंतराच्या फरकापर्यंत त्याचा प्रकाश स्वतःशी मिसळून थर उमटवू शकतो ते अंतर, अपुरी आहे. स्वस्त हिरव्या लेझरमध्ये हे फार होतं. आणि वस्तूच काळी किंवा गडद असेल तर मागून पुरेसा प्रकाश परत येत नाही. तिला राखाडी किंवा पांढरा मॅट रंग द्या, सेकंद तेच ठेवा.

फोटोपॉलिमर फिल्मची गोष्ट वेगळी

डेव्हलपर न लागणाऱ्या फोटोपॉलिमर फिल्मला साधारण २० मिलिज्यूल, म्हणजे २०,००० मायक्रोज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर लागतात. ३२ मायक्रोवॉटवर याचे दहा मिनिटांहून जास्त होतात. बहुतेक घरगुती टेबलांना हे झेपत नाही, म्हणून इथे लेझर जवळ आणणं जवळपास सक्तीचं. आणखी एक कारण आहे. या फिल्ममध्ये प्रकाशाने मोनोमरचे छोटे रेणू जोडले जाऊन (बहुलकीकरण) चित्र नोंदलं जातं, आणि फिल्ममधला ऑक्सिजन हे जोडणं अडवतो. प्रकाश फारच मंद असेल तर सुरुवातीची बरीच ऊर्जा तो ऑक्सिजन संपवण्यातच जाते, आणि वेळ दुप्पट करूनही तीव्रतेची तूट भरून निघत नाही.

दुसरीकडे, जास्त एक्स्पोजरची भीती इथे कमी. मोनोमर संपला की नोंद थांबते. पुढे प्रकाश पडत राहिला तर चित्र सहसा बिघडत नाही. त्यामुळे चाचणीच्या वेळा दुपटीने घेतल्या तरी वरच्या टोकाला निकाल सपाट होतो, आणि जिथे तो सपाट व्हायला लागतो त्याच्या किंचित पुढची वेळ घ्यायची. शेवटी उरलेला रंग घालवायला फिल्म पांढऱ्या उजेडात ठेवा.

वहीत काय लिहायचं

सेकंद लिहून ठेवू नका, ऊर्जा लिहा. ‘४८ सेकंद’ ही नोंद लेझर हलवला की निकामी होते. ‘मध्यभागी ९.६ मिलिव्होल्ट, ४८ सेकंद, सुमारे १,५०० मायक्रोज्यूल, घनता २.१’ ही नोंद पुढच्या मांडणीतही कामाला येते: नवं वाचन घ्या, भागाकार करा. नवी मांडणी १९ मिलिव्होल्ट देत असेल तर वेळ २४ सेकंद.

हा भागाकार एका मर्यादेतच चालतो. तीव्रता फार कमी करून वेळ अनेक मिनिटांवर गेला की सिल्व्हर हॅलाइड आळसावतं आणि हिशेबापेक्षा जास्त ऊर्जा मागतं. वेळ चौपटीहून जास्त बदलत असेल तर तीन पट्ट्यांची छोटी चाचणी पुन्हा घ्या. प्लेटची नवी पेटी उघडली, डेव्हलपर बदलला, किंवा रंग बदलण्यासाठी इमल्शनला ट्रायइथेनॉलअमाइनमध्ये बुडवायला सुरुवात केली, तरीही घ्या. त्या द्रावणाने इमल्शन फुगतं तसंच त्याचा वेगही वाढतो.

दोन किरणांच्या मांडणीत संदर्भकिरण झाकून वस्तूचा प्रकाश मोजा, मग वस्तूचा झाकून संदर्भकिरण मोजा. वेळ काढायची ती दोघांच्या बेरजेवरून. संदर्भकिरण वस्तूच्या प्रकाशाच्या तीन ते पाच पट असू द्या आणि हे प्रमाण बदलताना एकूण बेरीज तीच राहतेय का बघा. नाहीतर एका प्लेटवर दोन गोष्टी एकदम बदलतात आणि फरक कशाने पडला ते सांगता येत नाही.